हळद-आल्यातली द्रव्यं सूज खरंच कमी करतात का? कॅप्सूल सुरू करावी का?

पानगळ:
आईचे गुडघे झिजलेत, जिना उतरताना फार दुखतं आणि संध्याकाळी सूज दिसते. डॉक्टरांनी पेनकिलर बंद केलीय. नेटवर जिथे बघावं तिथे हळदीतलं करक्युमिन, आल्यातली जिंजेरॉल, शोगाओल, सगळं म्हणे पेनकिलरसारखंच काम करतं. खरं किती, जाहिरात किती? आणि रोजच्या जेवणात हळद असतेच की, मग वेगळी कॅप्सूल कशाला?

रसायनवाला:
थोडं लांबेल, चहा घेऊन बसा 😄
पेशींवरच्या प्रयोगात ही द्रव्यं सूज वाढवणारे सिग्नल दाबतात हे खरंय, म्हणजे एनएफ-कप्पा-बी, कॉक्स-२, टीएनएफ-अल्फा वगैरे. यातल्या बऱ्याच रेणूंमध्ये एक सारखा तुकडा असतो, किटोनला लागून डबल बाँड, तो प्रथिनांमधल्या सिस्टीन या अमिनो आम्लाला जाऊन चिकटतो. करक्युमिनमध्ये आहे, शोगाओलमध्ये आहे, रान-आल्यातल्या झेरुम्बोनमध्येपण आहे. ओल्या आल्यातल्या जिंजेरॉलमध्ये मात्र तो नसतो. आलं वाळवलं की जिंजेरॉलमधून पाण्याचा रेणू निघून शोगाओल बनतं, म्हणून सुंठ बऱ्याच चाचण्यांमध्ये ओल्या आल्यापेक्षा जोरदार निघते.
पण प्रयोगशाळेतल्या बशीत जे होतं ते शरीरात होईलच असं नाही. करक्युमिन आतड्यातून जेमतेम शोषलं जातं आणि जे जातं त्याला यकृत लगेच ग्लुक्युरोनाइड (साखरेसारखा एक तुकडा) जोडून बाहेर काढतं. शिवाय चिकटण्याच्या आणि चमकण्याच्या सवयीमुळे ते चाचण्यांनाच फसवतं, २०१७ मध्ये जर्नल ऑफ मेडिसिनल केमिस्ट्रीत यावर एक मोठा आणि बऱ्यापैकी खरमरीत लेख आला होता.
जेवणातल्या हळदीचं म्हणाल तर हळदीत करक्युमिन साधारण ३ टक्के. अख्खा चमचा खाल्लात तरी १०० मिलिग्रॅमच्या आसपास, आणि ट्रायलमध्ये देतात १०००-१५००.

हिरवीवेलची:
इतकंही निराश करू नका हो. थायलंडमध्ये गुडघ्याच्या ३६७ पेशंटवर ट्रायल झाली होती, २०१४ मध्ये छापून आली. रोज १५०० मिलिग्रॅम हळदीचा अर्क विरुद्ध १२०० मिलिग्रॅम आयब्युप्रोफेन, चार आठवडे. दुखणं दोन्हीकडे साधारण सारखंच कमी झालं आणि पोटाच्या तक्रारी हळदवाल्यांना कमी.

रसायनवाला:
हो, ती चांगली ट्रायल आहे. पण प्लासिबो (औषध नसलेली दिखाऊ गोळी) गट नव्हता, आणि चार आठवड्यांवरून वर्षभराचं काय सांगणार? आल्याच्या अर्काची २००१ ची ट्रायल प्लासिबोसमोर होती, तिथे फायदा दिसला पण माफक. माझं मत विचाराल तर थोडा फरक पडू शकतो, चमत्कार नाही.

नाईटड्यूटी:
मी फार्मसीत काम करते. पेनकिलर *का* बंद केली ते लिहिलंच नाहीये. आई अजून कुठल्या गोळ्या घेतात?

पानगळ:
हार्टसाठी रक्त पातळ करायची गोळी चालू आहे, वॉरफरिन. म्हणूनच बंद केली.

नाईटड्यूटी:
मग थांबाच. जेवणातलं आलं-हळद जसं चालू आहे तसं राहू दे, पण कॅप्सूल स्वतःच्या मनाने अजिबात नको. एवढ्या मोठ्या डोसमध्ये रक्तस्रावाची भीती वाढू शकते, आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो त्याचं माप) वर गेलेला पटकन कळत नाही. पित्ताशयात खडे असतील तरी नको.
अजून एक, ‘जास्त शोषण’ लिहिलेल्या कॅप्सूलमध्ये बहुतेकदा मिरीतलं पायपरिन असतं. ते करक्युमिनचं शोषण वाढवतं तसंच इतर औषधांचीही रक्तातली पातळी बदलू शकतं, हे डब्याच्या पुढच्या बाजूला कोणी छापत नाही. अशा कॅप्सूलनंतर यकृताला सूज आलेल्या केसेसची नोंद आहे.
डॉक्टरांना लावायच्या जेलबद्दल आणि फिजिओबद्दल विचारा, मांडीचे स्नायू बळकट करायचे व्यायाम गुडघ्याला खरंच उपयोगी पडतात. जेल आणलंत तरी वॉरफरिन चालू आहे हे सांगून, विचारूनच लावा.

पानगळ:
बाप रे, मिरीचं माहीतच नव्हतं. ऑर्डर कॅन्सल करते.