शब्दचर्चा : ‘सॉर्टेबल कॉलम’ला मराठीत काय म्हणावे?

प्रश्न

ग्रंथालयातील पुस्तकांच्या नोंदी ठेवणाऱ्या एका संगणक-प्रणालीचे मराठीकरण मी सध्या करीत आहे. नव्या आवृत्तीत कोष्टकाच्या शीर्षकावर टिचकी मारली की त्या कॉलमप्रमाणे सगळ्या ओळी नव्याने मांडल्या जातात. मूळ इंटरफेसमध्ये या सोयीला ‘सॉर्टेबल कॉलम’ म्हटले आहे आणि आधीच्या अनुवादकाने ‘वर्गीकरणयोग्य स्तंभ’ असे लिहून ठेवले आहे. ते ठेवावे, की ‘क्रमणीय रकाना’ असे काही करावे?

उत्तर

‘वर्गीकरण’ आधी काढावे, आणि ग्रंथालयाच्या प्रणालीतून तर नक्कीच काढावे. तेथे तो शब्द अमेरिकन ग्रंथपाल ड्युई यांच्या १८७६च्या दशांश वर्गीकरणापासून आणि भारतीय ग्रंथपाल रंगनाथन यांच्या १९३३च्या द्विबिंदू वर्गीकरणापासून पुस्तकांचे विषयवार गट पाडण्याच्या ठरावीक कामाशी बांधला गेला आहे. ग्रंथपालाला ‘वर्गीकरण’ असे बटण दिसले तर येथे पुस्तकाला वर्गांक, म्हणजे विषयाचा क्रमांक, द्यायचा आहे, असेच त्याला वाटेल.

हा गोंधळ मुळात इंग्रजी शब्दातच आहे. ‘सॉर्ट’ म्हणजे प्रकार, आणि प्रकारानुसार वेगळे करणे हा त्या क्रियापदाचा जुना अर्थ. छिद्रित कार्डांची, म्हणजे भोके पाडून माहिती नोंदवलेल्या कार्डांची, जुनी यंत्रे खरोखर तेच करीत असत. आयबीएमच्या १९२८च्या कार्डावर ८० उभे स्तंभ होते. यंत्र एका वेळी एकच स्तंभ पाही आणि छिद्राच्या जागेनुसार कार्ड वेगवेगळ्या कप्प्यांत टाकी. तीन अंकी संख्या असेल तर एकक, दशक, शतक अशा तीन फेऱ्या केल्या की सगळा गठ्ठा लहान संख्येपासून मोठ्या संख्येपर्यंत लागलेला मिळे. कप्पे पाडता पाडता क्रम लागला, आणि कप्पे पाडण्याचेच नाव क्रम लावण्याला चिकटले. मराठीने ते ओझे वाहण्याचे कारण नाही, कारण ‘क्रम लावणे’ हा सरळ प्रयोग आपल्याकडे आहे आणि ‘चढता क्रम’, ‘उतरता क्रम’ हे शब्द प्राथमिक शाळेच्या गणितातच प्रत्येकाला भेटलेले असतात. ‘क्रमवारी लावा’ हेही चालते. पण खेळांच्या बातम्यांमुळे ‘क्रमवारी’ म्हटले की गुणवत्तेतील स्थान आठवते, म्हणून मी ‘क्रम’ घेईन.

‘क्रमणीय’ मात्र नको. ‘क्रमण’ म्हणजे चालणे, पुढे जाणे. अर्थ भलतीकडे जातो. इंग्रजीत विशेषण आहे म्हणून मराठीतही विशेषण घडवावे, असे काही नाही. स्तंभाच्या गुणधर्मांच्या यादीत खुणेची चौकट असेल तर तिच्यापुढे ‘क्रम लावता येतो’ एवढे वाक्य लिहावे. ते कोणालाही समजावून सांगावे लागत नाही.

‘रकाना’ मला मनापासून आवडतो. अर्जात आणि नोंदवहीत तो रुळलेला आहे. अडचण एवढीच की ‘रकाना कोरा सोडू नये’ असे म्हणतो तेव्हा आपल्या मनात भरायची एक जागा असते, आणि नोंदवहीचे रकाने मोजतो तेव्हा उभ्या पट्ट्या असतात. पडद्यावर दोन्ही गोष्टी शेजारी असतात, म्हणून उभ्या पट्टीला ‘स्तंभ’ आणि एका घराला ‘रकाना’ अशी वाटणी करावी.

याहून मोठी चूक विभक्तीत होते. मूळ सूचनेत स्तंभाच्या नावासाठी मोकळी जागा असते आणि अनुवादक तिच्यामागे ‘नुसार’ जोडून मोकळा होतो. मग पडद्यावर ‘किंमत नुसार’, ‘तारीख नुसार’ असे उमटते. मराठीत ‘किमतीनुसार’, ‘तारखेनुसार’ असे सामान्यरूप हवे, आणि ते यंत्राला आपोआप जमत नाही. यावर उपाय म्हणजे नावाला प्रत्यय लागूच न देणे : ‘“किंमत” या स्तंभानुसार क्रम लावा’.

पुन्हा प्रश्न

संख्या आणि तारखा यांना ‘चढता क्रम’ शोभतो. लेखकांच्या नावांनाही तेच लिहावे का?

उत्तर

नावांसाठी ‘अकारविल्हे’ हा नेमका शब्द आहे आणि ग्रंथालयात तो परका वाटणार नाही. त्यातील ‘विल्हे’ म्हणजे लावून ठेवणे. ‘विल्हेवाट’मध्ये तोच आहे. मात्र तो लिहिण्याआधी एक चाचणी घ्यावी. काशीकर, काळे, कावळे ही तीन नावे भरून शीर्षकावर टिचकी मारावी. संगणकासाठी प्रत्येक अक्षराला क्रमांक, म्हणजे संकेतांक, ठरवून देणाऱ्या युनिकोडच्या तक्त्यात ‘ळ’ची जागा ‘ल’ आणि ‘व’ यांच्या मध्ये आहे, त्यामुळे प्रणाली नुसते संकेतांक पाहत असेल तर काळे सर्वांत वर येतील. आपल्या वर्णमालेत ‘ळ’ ‘ह’च्या नंतर येतो, म्हणून कावळे, काशीकर, काळे असा क्रम दिसला पाहिजे. तसा दिसत नसेल तर तो दोष प्रणाली घडवणाऱ्यांना कळवावा, आणि तो दुरुस्त होईपर्यंत शीर्षकावर ‘चढता क्रम’ असेच ठेवावे.