असमान अंतराचे होल : पॅटर्नमध्ये सरकवायचे की स्केचमध्ये मांडायचे?

हिंगणा_डिझाइन
हिंगणा एमआयडीसीत पॅनेलच्या माउंटिंग प्लेटा डिझाइन करतो. बाहेरून आलेलं एक सॉलिडवर्क्स (थ्री-डी डिझाइनचं सॉफ्टवेअर) मॉडेल उघडलं. एका ओळीत आठ होल, मधली अंतरं ४५, ४५, ६०, ६०, ८०, ६०, ४५ मिमी. करणाऱ्याने ४५ च्या पिचचा लिनिअर पॅटर्न (एकाच होलच्या सारख्या अंतराने ओळीत प्रती) टाकला आणि ‘इन्स्टन्सेस टू व्हेरी’मधून एकेक होल सरकवला. चौथं अंतर ६० चं ७० करायचं होतं. पुढचे होल सोबत सरकायला हवेत की जागेवर राहायला, हे त्या मॉडेलवरून कळायला मार्ग नाही. माझं ठाम मत : असमान अंतराला कारण असतं, ते मापांतून दिसलं पाहिजे. स्केचमध्ये, म्हणजे मॉडेलमागच्या सपाट रेखाटनात, पॉइंट मांडा, एका डेटमपासून (ठरलेल्या संदर्भ-कडेपासून) मापं द्या, मग ‘स्केच ड्रिव्हन पॅटर्न’ लावा, तो प्रत्येक पॉइंटवर होल टाकतो.

विदर्भ_कॅड
भाऊ, आठ होलांपुरतं ठीक. आमच्याकडे चाळीस-चाळीस होलांच्या प्लेटा येतात, वरून दोन-तीन व्यास. तिथं स्केचमधली मापं म्हणजे नुसतं जंगल. २०१५ च्या आवृत्तीपासून ‘व्हेरिएबल पॅटर्न’ आहे, वापरा ना! टेबलात एका ओळीत एक होल, अंतरही बदला, व्यासही बदला. क्लायंटची यादी शेजारी ठेवून तपासताही येतं. शिवाय पॅटर्न असला की असेंब्लीत एक बोल्ट बसवला की बाकीचे आपोआप बसतात.

हिंगणा_डिझाइन
बोल्ट स्केच ड्रिव्हन पॅटर्नच्या मागेही तसेच जातात, त्यासाठी टेबल लागत नाही. आणि टेबलात २७३.५ दिसतं, पण ते केबल ग्लँडमुळे (केबल आत घेऊन घट्ट धरणारा भाग) आलं की दाराच्या बिजागरीमुळे, हे दिसत नाही. स्केचमध्ये तो पॉइंट ग्लँडच्या मध्यरेषेलाच बांधता येतो. ग्लँड हलला की होल हलतो.

बुटीबोरी_टूलरूम
तुम्ही दोघं मॉडेलवर भांडून राहिले, शॉपवर (कारखान्यात) ड्रॉइंग येते. साखळीत, म्हणजे आधीच्या होलपासून पुढच्या होलला, मापं देऊ नका राजेहो. प्रत्येक अंतराला ±०.२ दिलं तर सात अंतरांनंतर पहिल्या आणि शेवटच्या होलमध्ये ±१.४ पर्यंत चूक बसू शकते, आणि तीही ड्रॉइंगप्रमाणे बरोबरच! एका कडेपासून ऑर्डिनेट मापं द्या. व्हीएमसीवर (कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मिलिंग मशीनवर) आम्हाला तशीही एक्स-वाय मूल्यंच टाकायची असतात. मॉडेलमध्ये पॅटर्न कोणताही असो, प्लेट ड्रॉइंगवरच बनते.

विदर्भ_कॅड
दादा, ऑर्डिनेटचं शंभर टक्के पटलं. पण मग टेबलच बरं ना, मूल्यं तिथं कडेपासूनच लिहिता येतात. ग्लँडचा मुद्दा एका प्लेटीला खरा. त्याच प्लेटीचे बारा साइझ काढायचे असले की प्रत्येक पॉइंट कशाला ना कशाला बांधून ठेवणं महागात पडतं. एक संदर्भ तुटला की अर्धं स्केच एरर देतं, आणि शिफ्ट संपता संपता ते निस्तरायला ज्युनिअर बसतो.

हिंगणा_डिझाइन
एरर आली तर निदान दिसतं तरी. टेबलात जुनं मूल्य हिरवंगार राहतं आणि प्लेट चुकीची कापली जाते. लेझरवर गेल्यावर कळण्यापेक्षा स्क्रीनवर कळलेलं केव्हाही बरं. व्यास बदलत असेल तर व्हेरिएबल पॅटर्न मीही वापरेन. नुसत्या अंतरासाठी मात्र स्केचच, आणि साइझ बारा असले तर मापं डिझाइन टेबलला (प्रत्येक साइझची मापं ठेवणाऱ्या एक्सेल तक्त्याला) जोडून.