९८.७ आहे, व्हीजेटीआय मिळेल का?

खारीगावकर (धागाकर्ते)

इंजिनिअरिंग प्रवेशाच्या सीईटीचा निकाल लागला की ठाण्यापासून पनवेलपर्यंत प्रत्येक सोसायटीच्या ग्रुपवर एकच प्रश्न फिरतो: 'ओपन, ९८.७. व्हीजेटीआय मिळेल का?' खाली दहा जण गेल्या वर्षीचा कटऑफ (शेवटची जागा मिळालेल्या मुलाचा आकडा) उघडून 'नाही', 'मेकॅनिकल बघा', 'चौथ्या फेरीला चमत्कार होतो' असं ठोकून देतात. नुसत्या पर्सेंटाइलवर, म्हणजे किती टक्के मुलं आपल्या मागे आहेत एवढ्यावर, शक्यता सांगणं म्हणजे मेगाब्लॉकच्या रविवारी रोजचं टाइमटेबल वाचून दाखवणं.

२०२४ ला पीसीएम (भौतिक, रसायन, गणित) गटात तीन लाखांच्या आसपास मुलं बसली, २०२५ ला सव्वाचार लाखांच्या आसपास. म्हणजे ९९ च्या वर २०२४ ला साधारण तीन हजार मुलं, २०२५ ला सव्वाचार हजार. व्हीजेटीआयची माटुंग्याची इमारत तेवढीच आहे. तरीही दोन्ही वर्षांचा ९९ एकच समजून तुलना चालते.

कटऑफच्या पीडीएफमध्ये प्रत्येक चौकटीत दोन आकडे असतात. वर मेरिट क्रमांक, खाली कंसात पर्सेंटाइल. सगळे कंसातला वाचतात, वाचायचा तो वरचा. आणि स्वतःचा मेरिट क्रमांक अंतिम गुणवत्ता यादी लागल्याशिवाय कळत नाही. तोवर 'मिळेल का'ला उत्तर नाही, असं माझं स्पष्ट मत.

पामबीच

निदान बरोबर, औषध चुकलं. अंतिम यादी लागल्यावर पर्याय भरायला मोजकेच दिवस मिळतात. तीनशेपर्यंत पर्याय भरता येणारा फॉर्म त्या घाईत कोण विचार करून भरणार? अंदाज आधीच लावावा लागतो, आणि लावता येतो.

१०० मधून पर्सेंटाइल वजा करा, उरलं ते तुमच्या गटात बसलेल्या मुलांचे टक्के समजून मोजा. ९८.७ म्हणजे वर १.३ टक्के, सव्वाचार लाखांतले साधारण साडेपाच हजार. सीईटी दिलेले सगळे कॅपला (राज्याच्या एकत्रित प्रवेशफेऱ्यांना) नोंदणी करत नाहीत, त्यामुळे प्रत्यक्ष मेरिट क्रमांक याच्या आतच येतो. हा झाला वाईटात वाईट आकडा. तो गेल्या वर्षीच्या शेवटच्या मेरिट क्रमांकाशी लावून बघा. दोन-तृतीयांशाच्या आत असाल तर निवांत, जवळपास असाल तर काठावर, दीडपट मागे असाल तर फक्त हौस. हे माझे ठोकताळे आहेत, नियम नव्हेत.

मूळ प्रश्नाचं उत्तरही यातच आहे. व्हीजेटीआय आणि पुण्याच्या सीओईपीचं कॉम्प्युटर ओपनला ९९.५ च्या वरच संपतं. साडेपाच हजाराच्या आसपास असलेल्याने ते हौसेच्या ढिगात टाकावं. यासाठी गुणवत्ता यादीची वाट कशाला?

घोडबंदरचा_गणपुले

दोघंही मान्य, पण आकडा कुठल्या रकान्यातून उचलता? निम्मी गफलत तिथेच होते. रकान्याचं पहिलं अक्षर जी असेल तर सर्वसाधारण, एल असेल तर मुलींसाठी. मधे प्रवर्ग. शेवटचं अक्षर एस असेल तर राज्यस्तर, एच म्हणजे होम युनिव्हर्सिटी, ओ म्हणजे बाहेरच्या विद्यापीठातले.

व्हीजेटीआय, सीओईपीला एस, तिथे ठाणेकर आणि नागपूरकर एकाच रांगेत. पण पुण्याच्या पीआयसीटीला एच आणि ओ असे दोन रकाने आहेत. ठाण्यात बारावी केलेल्याने तिथला एच वाचून उपयोग नाही, त्याच्यासाठी ओ. उलट, घर ठाण्यात पण बारावी नाशिकला इंटिग्रेटेडमधून (क्लास आणि कॉलेज एकत्र) केली असेल तर होम युनिव्हर्सिटी पुणे. ती बारावीच्या कॉलेजवरून ठरते, आधार कार्डावरच्या पत्त्यावरून नाही. ही चूक दरवर्षी हुशार पालकसुद्धा करतात.

अल्पसंख्याक कॉलेजांचंही तसंच. चेंबूरचं व्हीईएसआयटी सिंधी, डी. जे. संघवी गुजराती. तिथल्या ५१ टक्के जागा त्या समाजाच्या मुलांसाठी. एकूण जागा बघून हुरळू नका.

खारीगावकर

@पामबीच, तुमच्या दोन-तृतीयांशाचा पाया भुसभुशीत आहे. कटऑफ हा सरासरी आकडा नसतो, तो शेवटच्या एका मुलाचा क्रमांक असतो.

६० जागांची तुकडी घ्या. सामाजिक आरक्षणाचे ५० टक्के आणि एसईबीसीचे (मराठा आरक्षणाचे) १० टक्के गेले की २४ उरतात. दिव्यांग आणि संरक्षण दलातल्यांच्या मुलांच्या जागा काढल्या की वीस-बावीस. त्यातल्या ३० टक्के मुलींच्या. ज्याचा आकडा आपण मंत्रासारखा जपतो त्या रकान्यात चौदा-पंधरा जागा राहतात. त्यातही आरक्षित प्रवर्गातली वरच्या क्रमांकाची मुलं आधी ओपनमध्येच बसतात. दोघांनी बिट्ससारख्या खासगी विद्यापीठात जायचं ठरवलं तरी तुमची 'काठावर'ची रेघ सरकते.

पामबीच

म्हणून तर एका कॉलेजचा एक आकडा धरत नाही. दोन वर्षांचा घेते आणि त्याच दर्जाच्या सात-आठ ब्रँचचा एकत्र बघते. एक चुकेल, आठही एकाच दिशेने नाही चुकणार.

तिसरी_फेरी

मला या सगळ्या वादाचंच नवल वाटतं. वाटपाची पद्धत काय आहे? मेरिट क्रमांकाने एकेकाचा फॉर्म उघडतो, वरून खाली वाचला जातो, जिथे जागा असेल ती मिळते. वर अशक्य कॉलेज टाकल्याने खालच्याची संधी तसूभर कमी होत नाही. क्रम आवडीचा लावा, शक्यतेचा नको. शक्यता बघायची ती यादी किती खोल न्यायची हे ठरवायला. हौसेचे पाच आणि काठावरचे दहा भरून लोक थांबतात आणि पहिल्या फेरीला रिकामे राहतात. निवांत ढिगातले निदान पंधरा-वीस तळाला हवेत: नेरूळ, वाशी, ऐरोली, कासारवडवली, जिथे रोज जाऊन-येऊन जमेल ते.

ऐरोली_नॉट

ताई, हे २०२४ पर्यंत ठीक होतं. २०२५-२६ च्या नियमांनी चार फेऱ्या आल्या आणि कुलूप आलं. पहिल्या फेरीत पहिला पर्याय लागला की ऑटो फ्रीज, म्हणजे तीच जागा पक्की, पुढे बदल नाही. दुसऱ्या फेरीत पहिल्या तिनांपैकी, तिसऱ्या फेरीत पहिल्या सहांपैकी काहीही लागलं की फ्रीज. चौथीत जे लागेल ते. फ्रीज झालेली जागा नाकारली की पुढच्या फेऱ्यांतून बाद.

म्हणजे दुसऱ्या फेरीत तिसरा पर्याय लागला तर पुढे पहिला मिळण्याची दारं बंद. म्हणून दुसऱ्या फेरीच्या फॉर्ममध्ये वर तीन अशक्य पर्याय टाकायचे, खरे पर्याय चौथ्यापासून. तिसऱ्या फेरीत सहा अशक्य. जागा हातात राहते, बेटरमेंटही (पुढच्या फेरीत वरचा पर्याय मिळण्याची संधी) राहते. आता सांगा, शक्यतेचा अंदाज नसेल तर 'अशक्य' ठरवणार कसं?

आणि एक. २०२४ ची तिसरी फेरी शेवटची होती, २०२५ ची नव्हती. तिसरीची तिसरीशी तुलना करू नका.

तिसरी_फेरी

युक्ती माहीत आहे, आणि तिने पाय कुठे घसरतो तेही. 'अशक्य' म्हणून लोक सीओईपीची एखादी नको असलेली ब्रँच वर टाकतात, 'कुठे लागतंय' म्हणून. खारीगावकरांनीच दाखवलं की चौदा-पंधरा जागांत काहीही हलतं. ती लागली की फ्रीज. कॉम्प्युटर हवं असलेला मुलगा पुण्याच्या होस्टेलवर भलत्याच ब्रँचला, आणि नकार दिला तर कॅपच्या फेऱ्यांबाहेर.

वरचे तीन खरंच हवे असतील आणि आवाक्याबाहेर असतील तर ती युक्ती नाहीच, तो आवडीचा क्रमच झाला. नको असलेलं एकही नाव फॉर्ममध्ये नको, एवढंच माझं म्हणणं.

घोडबंदरचा_गणपुले

यात टीएफडब्ल्यूएस विसरू नका. उत्पन्न आठ लाखांच्या आत असेल तर फी माफीच्या जागेचा चॉइस कोड वेगळा असतो, शेवटी टी असलेला. म्हणजे एकाच कॉलेजची एकच ब्रँच दोनदा लिहावी लागते आणि वरच्या तिनांतली दोन घरं खाते. ऐरोली_नॉट यांना हवी असलेली भरती आपोआप होते, तीही नको असलेलं काही न लिहिता. जागा पाचच टक्के, त्यामुळे तिथला कटऑफ बहुधा साध्या जागेपेक्षा वर जातो.

ऐरोली_नॉट

हे पटलं. पण सहाच्या सहा घरं भरायला एवढ्याने नाही भागत, म्हणून मी माझ्या मतावर ठाम.

सेतू_केंद्र

सगळे ओपनचंच बोलताय. राखीव प्रवर्गात शक्यता आधी कागदावर ठरते, मग क्रमांकावर. ओबीसी, एसईबीसी, व्हीजे, एनटी (विमुक्त, भटक्या जमाती) यांना नॉन-क्रिमिलेयर प्रमाणपत्र त्या शैक्षणिक वर्षाच्या ३१ मार्चपर्यंत चालणारं लागतं. जुनं जोडलं की छाननीत अडकतं आणि शेवटी नाव ओपनमध्ये. मग प्रवर्गाच्या रकान्यावर लावलेला अंदाज सगळा फुकट. ईडब्ल्यूएसचं (आर्थिक दुर्बल घटकाचं) प्रमाणपत्रही चालू वर्षाचंच. जात वैधता वेगळी, तिला वेळ लागतो, ती बारावीच्या सुरुवातीलाच करून ठेवायची गोष्ट.

२०२४ पासून एसईबीसीचे १० टक्के पुन्हा सुरू झाले, त्यामुळे मराठा मुलं ईडब्ल्यूएसमधून तिकडे गेली. २०२३ चा ईडब्ल्यूएस कटऑफ दाखवून कुणी शक्यता सांगत असेल तर ती पीडीएफ बंद करा.

पामबीच

@सेतू_केंद्र +१. हे वरच यायला हवं होतं.

@खारीगावकर, ९९.५ च्या वर तुमचं म्हणणं जास्त खरं आहे, मान्य. तिथे ०.१ म्हणजे सव्वाचारशे मुलं, माझे ढीग चालत नाहीत. पण ९६ ते ९८.५ मधली जी गर्दी इथे विचारायला येते, तिला व्हीईएसआयटी की वाशीचं फादर अ‍ॅग्नेल एवढंच ठरवायचं असतं. तिला 'उत्तर नाही' म्हणून परत पाठवू नका.

खारीगावकर

परत पाठवत नाही. मेरिट क्रमांक, प्रवर्ग आणि बारावीचा जिल्हा, हे तीन लिहिल्याशिवाय प्रश्न टाकू नका एवढी अट धाग्याच्या वर चिकटवतो. आणि ऑटो फ्रीजचे आकडे २०२५-२६ चे आहेत, नवीन माहितीपुस्तिका आली की ताडून बघा.