मार्केट टँकरवर ड्रायव्हरकी करणाऱ्यांनो, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, मी ९ वर्षं मनमाडजवळच्या पानेवाडी डेपोतून पेट्रोल-डिझेलचा टँकर चालवतोय, गाडी कंपनीला अटॅच आहे त्यामुळे ठरलेले पंप, ठरलेला रूट. आता जेएनपीटी बंदरावरून केमिकल भरणाऱ्या टँकरवर बोलावलंय पण ती मार्केट गाडी, म्हणजे कुठल्याच कंपनीचं काँट्रॅक्ट नाही, ट्रान्सपोर्टवाला जो माल देईल तो भरायचा. हॅजर्डस म्हणजे धोकादायक माल नेण्याचं ३ दिवसांचं ट्रेनिंग आहे, लायसन्सवर तसा शेरा पण चालू आहे. टेन्शन एकच, गाडी खाली करून परतीच्या लोडसाठी चार-चार दिवस थांबावं लागलं तर भत्ता मिळतो का, का फक्त ट्रिपचेच पैसे? आणि माल बदलला की टाकी धुवायचा खर्च कोण देतं? टाकीत उतरायला मी तरी तयार नाही, गॅसने माणसं मेलेली ऐकलीत. घरी दोन पोरं शाळेत आहेत, अनुभव असेल त्यांनी खरं सांगा, पगार बांधून घेऊ का ट्रिपवर जाऊ?