शिंदळ माकुडीची पानं गळली, आबांच्या कुंड्या कशा वाचवू?

रानवेडी: आमचे आबा फेब्रुवारीत गेले. जन्मभर दुर्मिळ झाडांच्या मागे, शिवनेरीच्या कड्यावरची शिंदळ माकुडी बघायला दुर्बीण घेऊन दर पावसाळ्यात जायचे पण गडावरची फांदी कधी तोडली नाही, घरची रोपं नर्सरीतली. आता सगळी पानं गळून नुसते जाड हिरवे दांडे उरलेत, आजी म्हणते गेली ती पण त्यांच्यामागे. काय करू?

कातळफूल: अगं मेली नाहीत, उन्हाळ्यात ती पानं टाकतेच, पावसात परत फुटेल. पाणी कमी कर, मायेनं रोज घालशील तर मात्र कुजेल.

माळीबुवा: +१. माती मुरमाड हवी. पाऊस लागला की वीतभर दांडा कापून चार दिवस सावलीत सुकवून लाव, लागतो. नातवंडांत वाटून टाका, आबांचं काम चालू राहील.

भटक्या: सप्टेंबरच्या आसपास फुलेल बघ, मरून रंगाची चांदणी, त्यावर पिवळी नक्षी. वास मात्र कुजका, माश्यांना बोलवायला. आजींना आधीच सांगून ठेव :)

रानवेडी: हाहा, आजीला तो वास पाठ आहे, त्यावरनंच भांडायची आबांशी!! थँक्स सगळ्यांना, आजपासून पाणी बंद.

कातळफूल: बंद नको गं, कमी!