माया संस्कृती: 'भक्त', 'बळी', 'पुजारी' हे शब्द चालतील का?

धागाकर्ती: मुलांच्या मासिकासाठी प्राचीन माया लोकांच्या धर्मावर लेख लिहिते आहे. त्यातलं एक वाक्य असं: 'माया राजा देवाचा मोठा भक्त होता. पुजाऱ्यांच्या सल्ल्याने तो देवाला बळी देई.' वाचायला सोपं आहे, पण तिन्ही शब्द खटकतायत. पर्याय सुचवा. आणि 'माया' म्हणू की 'मायन'?

प्रतिसाद: 'माया'च. मराठीत तेच रुळलंय. वेदान्तातल्या मायेशी संबंध नाही एवढं एका ओळीत सांगा, झालं.

प्रतिसाद: 'बळी' सरसकट नको. मराठीत बळी म्हटलं की दुसऱ्याचा जीव जातो. माया राजघराण्यात मात्र स्वतःचं रक्त देणं हे राजपदाचंच काम होतं. मेक्सिकोतल्या याशचिलानच्या एका दारावरची आडवी शिळा आज ब्रिटिश म्युझियममध्ये आहे, तिच्यावर इ.स. 709 मधला प्रसंग कोरलाय. राणी काबाल शोक गुडघ्यांवर बसली आहे आणि काटे ओवलेली दोरी स्वतःच्या जिभेतून ओढते आहे. रक्त टोपलीतल्या कागदाच्या पट्ट्यांवर पडतंय. समोर राजा पेटता पलिता धरून उभा. रक्त लागलेले असे कागद जाळत, आणि त्या धुरातून पूर्वज दर्शन देतात अशी श्रद्धा होती. जोडीच्या शिळेवर राणीसमोर भला मोठा सर्प उभा राहिलाय आणि त्याच्या जबड्यातून एक योद्धा डोकावतोय. याला 'रक्तार्पण' म्हणा. युद्धात पकडलेल्यांनाही मारत असत, तिथे 'बळी' बरोबर आहे. लेख मुलांसाठी असला तरी ते लपवू नये.

धागाकर्ती: रक्तार्पण आवडलं. मग 'नवस फेडणे' असं काही म्हणता येईल का? मुलांना लगेच कळेल.

प्रतिसाद: नको. नवस हा एका माणसाचा देवाशी झालेला करार असतो. काम झालं की फेडायचा, नाही झालं तर प्रश्नच मिटला. इथे देणं जन्माबरोबरच लागतं. त्यासाठी 'पोपोल वुह' पाहायला हवं. ग्वाटेमालातल्या किचे माया लोकांची ही कथा स्पॅनिश आक्रमणानंतर, सोळाव्या शतकाच्या मध्याला रोमन लिपीत लिहून ठेवली गेली. त्यात देव आधी प्राणी घडवतात, पण ते नुसते ओरडतात, देवांची नावं घेऊ शकत नाहीत. मग चिखलाचा माणूस करतात, तो पाण्यात विरघळतो. लाकडाची माणसं बोलतात, पण त्यांना काळीज नसतं, घडवणाऱ्यांची आठवण राहत नाही. त्यांच्यावर त्यांचीच मडकी आणि दळायचे दगड उलटतात. शेवटी श्मुकाने ही आजी पिवळा आणि पांढरा मका नऊ वेळा दळते आणि त्या पिठाची माणसं होतात. देवांना हवं काय होतं? आपल्याला आठवणारं आणि आपल्याला पोसणारं कुणीतरी. म्हणून 'भक्त' कमी पडतो. माझ्या मते इथे 'पोशिंदा' हाच शब्द हवा. मका माणसाला पोसतो, माणूस देवांना पोसतो.

प्रतिसाद: पोशिंदा आपण शेतकऱ्याला म्हणतो. राजाला कसं लावणार?

प्रतिसाद: तिथला राजा स्वतः मक्याच्या देवाच्या वेषात उभा राहत असे, म्हणूनच लावता येतं. पालेंके या माया नगराचा राजा पाकाल 683 मध्ये वारला. त्याच्या दगडी शवपेटीच्या झाकणावर तो मक्याच्या देवाच्या रूपात आहे, आणि पेटीच्या चारही बाजूंना त्याचे पूर्वज फळझाडांसारखे जमिनीतून वर येताना कोरलेत. राजाची पदवी 'कुहुल अहाव'. कुहुल म्हणजे ज्याच्यात देवत्व आहे असा, अहाव म्हणजे धनी. मी तर पदवी तशीच ठेवेन आणि 'देवांश असलेला धनी' असा अर्थ देईन. राज्यकारभार एकीकडे आणि देवधर्म दुसरीकडे, अशी वाटणी तिथे नव्हतीच. याची किंमतही राजांनीच मोजली. नवव्या शतकात दुष्काळ आणि लढाया वाढल्या, तसा पाऊसपाण्याची हमी देणाऱ्या राजांवरचा विश्वास उडाला. दक्षिणेकडच्या नगरांत शिलास्तंभ उभे राहणं एकेक करून थांबलं. दीर्घगणना म्हणजे एका ठरावीक आरंभापासून दिवस मोजत जाणारी माया कालगणना. तिच्यातली शेवटची ज्ञात तारीख तोनिना या नगरातली, इ.स. 909 ची. मक्याची शेती आणि तिची पूजा मात्र गावोगाव चालू राहिली.

धागाकर्ती: 'पोशिंदा' ठेवते. आता राहिला 'पुजारी'.

प्रतिसाद: आजच्या किचे भाषेत अशा पुजाऱ्यासाठी 'अहकीह' हा शब्द आहे. 'अह' हे आपल्या 'वारकरी'तल्या 'करी'सारखं लागतं, फक्त शब्दाच्या आधी. 'कीह' म्हणजे दिवस आणि सूर्यही. 'कीह'साठी मराठीत नवा शब्द शोधायलाच नको, कारण आपल्याकडेही दिवस उगवतो, डोक्यावर येतो, बुडतो. म्हणून मी 'दिवसकरी' सुचवेन. 'दिनकर' केलं तर नुसता सूर्य उरेल.

प्रतिसाद: 'जोशी' का नको? तोही पंचांगच बघतो.

प्रतिसाद: जोशी मुहूर्त सांगतो आणि बाजूला होतो. दिवसकरी त्या दिवसाशी बोलतो, त्याला नावाने हाक मारतो, त्याच्यासमोर कोपालचा, म्हणजे झाडाच्या सुगंधी राळेचा, धूप जाळतो. 13 आकडे आणि 20 नावं यांच्या फिरत्या जोड्यांतून 260 दिवसांचं चक्र होतं आणि त्यातल्या प्रत्येक दिवसाला स्वतःचा स्वभाव असतो. ग्वाटेमालात मोमोस्तेनांगो गावी '8 बात्स' (8 हा आकडा, बात्स हे नाव) या दिवशी आजही नव्या दिवसकऱ्यांना दीक्षा देतात. ते 'आजही' लेखात नक्की घाला. माया लोक नाहीसे झाले असं मुलं अजून वाचतात, आणि ते खोटं आहे.