चिपळूणहून बंद बॉडीला परतीचं भाडं मिळत नाही, काय करावं?

चिपळूणचा गाडीवाला

नमस्कार मंडळी. गेल्या दिवाळीत कर्ज काढून 20 फुटी बंद बॉडीची गाडी घेतली. सहा चाकी आहे, माल साधारण 7 टन बसतो. गाडी मीच चालवतो. भिवंडीच्या गोदामांतून साबण, बिस्किटं, फ्रिज, वॉशिंग मशीन असा माल चिपळूण, खेड, गुहागरला आणतो आणि फेरीचे 15-16 हजार मिळतात. पण गाडी खाली झाली की जाताना काहीच नाही. मागच्या आठवड्यात बहादूरशेख नाक्याजवळ तीन दिवस थांबलो. शेवटी दलालाने पुठ्ठ्याची रद्दी दिली, भिवंडीपर्यंत 5 हजारांत. हप्ता 38 हजारांचा आहे. मोबाइलवरच्या लोडच्या ॲपवर कोकण टाकलं की एक तर जांभा दगड दिसतो, नाहीतर वाळू, आणि दोन्ही उघड्या गाडीचे. आता सगळे सांगतात, एप्रिलमध्ये आंबा भर, सगळं भरून निघेल. खरंच भरावा का? आणि बाकीचे दहा महिने काय करू?

रत्नागिरीची ताई, तीन गाड्या

भाऊ, तुमचा प्रश्न वाचून माझी पहिली दोन वर्षं आठवली. यजमान गेल्यावर धंदा माझ्यावर आला तेव्हा मीही अशीच नाक्यावर गाडी उभी ठेवून फोनची वाट बघायचे. त्याला आता 11 वर्षं झाली.

आधी त्या तीन दिवसांचा हिशेब करा. हप्ता दिवसाला साधारण 1,270. विमा, टॅक्स, टायरची झीज धरून 250. तुम्ही स्वतः चालवता म्हणून ड्रायव्हरचा पगार लावत नसाल, पण तो लावायचाच, 700 तरी. म्हणजे गाडी नुसती उभी राहिली तरी दिवसाला 2,200 जातात, तीन दिवसांचे 6,600. वर भरल्या गाडीला भिवंडीपर्यंत 47-48 लिटर डिझेल, 90 च्या भावाने 4,300 झाले. हातात आले 5 हजार. त्याच दिवशी रिकामे निघाला असतात तर 40 लिटरमध्ये, 3,600 रुपयांत पोचला असतात आणि तीन दिवसांत येण्याची आणखी एक फेरी मारली असती. माझा नियम ठरलेला आहे. दुपारी गाडी खाली झाली की दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत बघायचं, मग निघायचं.

दुसरं म्हणजे येतानाचा दर. कोकणात येणारा माल भरपूर आणि जाणारा कमी, हे भिवंडीच्या ट्रान्सपोर्टवाल्याला तुमच्याइतकंच माहीत आहे. तुम्ही त्याच्याशी पुण्याच्या दराने बोलता का? पुण्याहून परतीचा माल मिळतो, गुहागरहून मिळत नाही. रिकामं परत जायचं डिझेल येतानाच्या भाड्यात मागा. गुहागर, दापोली, मंडणगडच्या आतल्या रस्त्याची डिलिव्हरी असेल तर किलोमीटरवर दर बोलू नका, दिवसावर बोला. मी असा दर पहिल्यांदा सांगितला तेव्हा दोन पार्ट्या सोडून गेल्या. त्यातली एक पावसाळ्यात परत आली, कारण दुसऱ्या कुणाच्या गाडीत त्यांचे खोके भिजले होते.

आता आंबा. ताजा आंबा बंद बॉडीत अजिबात भरू नका. पेट्यांची ऊब आतच कोंडते आणि वाशीला पोचेपर्यंत खालच्या थरातली फळं काळी पडतात. पहिल्याच वर्षी मी ते नुकसान सोसलंय, बागायतदाराला भरपाई दिली तेव्हा मंगळसूत्र गहाण होतं. आंब्याला हवा खेळणारी गाडीच लागते. पण डब्यातला रस मात्र आपला माल आहे. रत्नागिरीच्या आसपासचे कॅनिंगवाले मेपासून रसाचे डबे भरतात आणि तो माल पुढे दिवाळीपर्यंत हळूहळू बाहेर जातो. तो वजनदार असतो, 7 टनांत गाडी अर्धीच भरलेली दिसते. तरी एक थेंब पाणी चालत नाही म्हणून ते उघडी गाडी घेत नाहीत. ते नाक्यावरच्या दलालाकडे येत नाहीत, ठरलेल्या दोन-तीन गाडीवाल्यांनाच फोन करतात. त्या यादीत जायचं असेल तर मार्चमध्येच कारखान्यात जाऊन भेटा आणि गाडी सोबत न्या. मी जाते तेव्हा मॅनेजरला आत उभं करून दार लावते. कुठून उजेड दिसला नाही, की पाणीही येणार नाही हे त्याला सांगावं लागत नाही.

कुडाळकर

ताईंनी रसाचं सांगितलं, मी काजूचं सांगतो. कुडाळ, वेंगुर्ला, सावंतवाडीकडे या, हय काजूचो माल बारा महिने असता. गर दमट झाला की भाव पडतो, त्यामुळे बंद गाडीच मागतात. अडचण एवढीच की एकाकडे पूर्ण गाडीचा माल नसतो. कोणाचे दोन टन, कोणाचा दीड. मी तीन कारखान्यांचा एकत्र करून वाशीला नेतो. प्रत्येकाचं बिल आणि ई-वे बिल, म्हणजे माल नेताना लागणारा जीएसटीचा ऑनलाइन कागद, वेगळं लागतं. राज्यातल्या राज्यात 1 लाखावरच्या मालाला ते हवंच आणि काजूची रक्कम लगेच तेवढी होते. मुदत 200 किलोमीटरला एक दिवस, म्हणून पहिल्या कारखान्याला आदल्या रात्री बिल काढू देऊ नका. ऑगस्टपासून दिवाळीपर्यंत फोन थांबत नाही. पण चिपळूणहून खास रिकामे इकडे येऊ नका, 200 किलोमीटर आहे. भिवंडीहून सावंतवाडीचा माल मिळाला तरच.

कराडहून

भिवंडी-चिपळूण-भिवंडी असं मागेपुढे का करता? त्रिकोण करा. चिपळूणला गाडी खाली झाली की कुंभार्ली घाट चढून कराडला या, शंभरेक किलोमीटर. रिकाम्या गाडीला वीस-बावीस लिटर पुरे. कराड, सातारा, खाली कोल्हापूर-कागलच्या एमआयडीसी आणि इचलकरंजीचं कापड, इथून मुंबईकडे जायला बंद गाडीला रोज माल असतो. माझ्या 20 फुटीला गेल्या महिन्यात साताऱ्याहून भिवंडीचे 11 हजार मिळाले, त्याच संध्याकाळी भरती झाली. फक्त जून ते सप्टेंबर घाटाची बातमी बघूनच निघा. जुलै 2021 ला चिपळूणला पूर आला तेव्हा माझी गाडी वरच्या अंगाला चार दिवस अडकली होती.

चिपळूणचा गाडीवाला

ताई, कराडचे दादा, मनापासून आभार. काल रात्री बायकोला घेऊन वहीत हिशेब मांडला. रद्दीच्या त्या फेरीत माझ्याच खिशातले साडेपाच-सहा हजार गेले होते आणि मी समजत होतो की पाच मिळाले. एक विचारायचं राहिलं. लोटे एमआयडीसी माझ्यापासून अर्ध्या तासावर आहे. तिथे रसायनांच्या ड्रमचा माल भरपूर, दरही चांगला. तो का घेऊ नये?

रत्नागिरीची ताई, तीन गाड्या

घ्या, पण विचार करून. धोकादायक माल असेल तर तुमच्या लायसन्सवर तशी वेगळी नोंद लागते, तिच्यासाठी प्रशिक्षण आहे आणि ते पुन्हा पुन्हा नवं करावं लागतं. केबिनमध्ये त्या रसायनाचं ट्रेम कार्ड, म्हणजे अपघात झाला तर काय करायचं ते लिहिलेलं कार्ड हवं, बाहेर धोक्याच्या पाट्या हव्यात. अपघात झाला आणि कागद नसले तर विम्याचे पैसे विसरा. साधी, धोक्याची नसलेली पावडर गोणीत असेल तर हे काही लागत नाही, म्हणून भरायच्या आधी बिलावरचं नाव वाचा, मुनशीच्या तोंडी शब्दावर जाऊ नका.

आणि वास. ड्रमचा वास आतल्या प्लायवूडमध्ये मुरतो, मग महिनाभर बिस्किटवाला आणि काजूवाला गाडी परत पाठवतो. माझी एक गाडी लोट्यासाठीच आहे, तिच्यात खाण्याची वस्तू कधी भरत नाही. तुमच्याकडे एकच गाडी आहे, म्हणून सध्या एक बाजू निवडा. मी खाण्याच्या मालाची निवडेन.

गणपतीत मुंबई-गोवा महामार्गावर 16 टन आणि त्यावरच्या गाड्यांना काही दिवस बंदी असते. तुमची सहा चाकी त्यात येत नसावी, आरसीवरचं एकूण वजन बघून त्या वर्षीची अधिसूचना वाचा. मोठ्या गाड्या थांबतात त्या आठवड्यात दुकानदारांना माल हवाच असतो. तेव्हा दर तुम्ही सांगा.

चिपळूणचा गाडीवाला

आरसी बघितली, 16 टनांच्या खाली आहे. खाण्याचीच बाजू ठरवली. उद्या दुपारी शृंगारतळीला गाडी खाली होतेय. कराडचे दादा, परवा सकाळी घाट चढून येतो, ओगलेवाडीपाशी गाडी लावायला जागा आहे का तेवढं सांगा. आणि ताई, आज दार लावून आत उभा राहिलो होतो. डाव्या कोपऱ्यात रिव्हेटपाशी दोन ठिकाणी उजेड दिसला, सिलिकॉन आणलंय.